उदारामची लाट

उदाराम मेश्रामबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून टाकतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण गेली दोन वर्षं त्याचा माउथ ऑर्गन ऐकला की माझ्या पोटात दुखतं. हे दुखणं माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तिलाही मी सांगितलं नव्हतं, तिनंच ओळखलं.

माझं नाव हुकुमचंद. आमगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. भजनी मंडळं, शाळा, बुद्धविहार, दंडारीचे संच, सगळ्यांच्या हार्मोनियम माझ्याकडे येतात. चांगल्या पेटीत एका सुराला दोन पितळी पत्त्या असतात आणि दोन्ही अगदी सारख्या बोलाव्या लागतात. एक जराशी चढली की सूर थरथरतो. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "भाऊ, पेटी थरथरून राहिली जी." मी कानस घेतो, चढलेली पत्ती बुडाशी घासून उतरवतो आणि थरथर काढून टाकतो. तीस वर्षं मी हेच करत आलो. थरथर म्हणजे रोग, एवढंच माझ्या कानाला माहीत.

वाजवायला मात्र मी पेटी घेत नाही. माझा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, क्रोमॅटिक. त्याच्या बाजूला बटन असतं, ते दाबलं की अर्धा सूर निघतो, त्यामुळे बाराच्या बारा सूर एकाच बाजात. माझा हात चपळ आहे. सिनेमातलं अवघडातलं अवघड गाणं सांगा, मधल्या सगळ्या हरकतींसकट काढून दाखवतो. आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणालो असतो, पण बढाईच आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी तिथंच निघतात आणि दुपारी दंडार, आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते. आमच्या गावची रीत अशी की दंडारीच्या आधी, लोक सतरंजीवर जागा धरत असताना, मंचावर एकानं माउथ ऑर्गन वाजवायचा. ही रीत माझ्या काकांनी पाडली. त्यांच्यामागं चौदा वर्षं ती खुर्ची माझी होती. गावात कोणी मला पेटीवाला म्हणत नाही, बाजावाला म्हणतं. ते त्या खुर्चीमुळं.

आता उदाराम. आमच्याच गावचा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. सोळाव्या वर्षी उसन्या तांदळाच्या मिलमध्ये लागला तो अजून तिथंच आहे. उसना म्हणजे धान हौदात भिजवून, वाफेवर शिजवून मग भरडलेला तांदूळ. उदाराम त्या वाफेवर असतो. घड्याळ लावून शिजवणारे आहेत, यंत्रावरचे काटे बघणारे आहेत. उदाराम वाफेचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, झालं, सोडा. त्याचा अंदाज चुकलेला मिलच्या कोणाला आठवत नाही. बोलतो कमी. बोलताना समोरच्याकडं बघत नाही, कुठंतरी कान देऊन असल्यासारखा असतो. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला मोजत नाही.

तो लहानपणी बाजा शिकला तोही मंडईतच, दुकानात टांगलेला पत्र्याचा, पोरांच्या खेळण्यातला. तो तुटला की पुढच्या मंडईत दुसरा. असे किती तोडले त्यालाच माहीत. त्याची मुलगी समीक्षा नागपूरला नर्स झाली आणि पहिल्या पगारात तिनं बापाला खरा बाजा आणून दिला, चोवीस घरांचा ट्रेमोलो. या ट्रेमोलोत प्रत्येक सुराच्या दोन पत्त्या असतात, एक वरच्या ओळीत, एक खालच्या. आणि त्या मुद्दाम सारख्या नसतात. एक किंचित चढी ठेवतात. दोन्ही एकदम वाजल्या की सुरात लाट उठते. म्हणजे मी जन्मभर जो रोग काढत आलो, तो या बाजात कारखान्यातूनच घालून देतात.

दोन वर्षांपूर्वी मंडईत मला खोकला झाला होता. मंडई कमिटीचे भैयाजी म्हणाले, अर्धा वेळ उदारामला बसवू. उदाराम बसला. त्यानं एकच चाल वाजवली, लग्नात नवरीला सासरच्या वाटे लावताना बाया गातात ती. एका सुरावर बसला की उठायचं नाव घेत नव्हता. मी मनात म्हटलं, यात काय आहे, चार सूर तर आहेत. मग मी सतरंजीकडं पाहिलं. जागेसाठी भांडणाऱ्या बाया गप्प झाल्या होत्या. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. माझ्या चौदा वर्षांत माझ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, पण भांडण कोणी थांबवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी जळायला लागलो.

यंदा दसऱ्याच्या सुमारास भैयाजी दुकानात आले. पेटी दाखवायला आलोय असं दाखवलं, पण पेटी आणली नव्हती.

"हुकुमचंद, राग मानू नोको," ते म्हणाले. "यंदा उदारामले बसवू. लोकं मागून राहिले."

"कोणते लोकं?"

"सारेच."

मी हसून हो म्हणालो. भैयाजी गेल्यावर कानस इतकी जोरात आपटली की शेजारचा चपलावाला बघायला आला.

मग मी माझी समजूत घातली. उदारामजवळ असं काय आहे? चार सूर आणि एक बाजा. चार सूर माझ्याजवळही आहेत, त्यातही माझे बारा. म्हणजे जे काही आहे ते बाजात आहे. हा हिशेब मला फार पटला. मी त्याच जातीचा, त्याच चोवीस घरांचा ट्रेमोलो मागवला.

चंद्रावती, माझी बायको, खोकं फोडताना समोरच उभी होती. "अजी, तुमाले बाजा पायजे का उदाराम बनायचं आहे?"

"कामाचा आहे," मी म्हणालो.

"हाव, दिसून राहिलं."

एक महिना मी त्या बाजाशी झटलो. मला माझी पद्धत ठाऊक आहे. मी सुराला हात लावतो आणि पुढं सरकतो, थांबणं मला जमत नाही. क्रोमॅटिकवर त्याचीच मजा येते. ट्रेमोलोवर तेच वाजवलं तर एका सुराची लाट विरायच्या आत दुसऱ्याची येऊन आदळते आणि रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत बैल शिरल्यासारखा चिखल होतो. कोमल सूर लागला की बोट बटन शोधायला जातं, तिथं बटनच नाही. मोठे वाजवणारे दोन बाजे एकावर एक धरून ते भागवतात म्हणे. मला एकच आवरत नव्हता. वरच्या ओळीवर ओठ दाबून खालचीच वाजवली तर लाट जाते, मग ट्रेमोलो घेतलाच कशाला? सगळ्यात वाईट म्हणजे माझा कान. लाट उठली की माझा हात आपोआप कानसेकडं जायचा.

शेवटी अहंकार गिळून मी मिलवर गेलो. उदाराम हौदाच्या कठड्यावर बसला होता, मागं वाफ चालली होती.

"उदारामभाऊ, मी पण असाच बाजा घेतला. मला जमेल का, ऐकून सांगा."

त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. "वाजवा जी," म्हणाला. मी वाजवलं. त्याचे डोळे वाफेकडंच होते.

"तुमचा हात बहुत चपळ आहे भाऊ. माझ्यानं असं जन्मात होणार नाही."

"पण?"

"पण या बाजाले चपळपणा नाही जमत. सूर दिला का थांबा लागते. त्याची लाट येऊ द्या लागते. तुमी थांबत नाही." मग त्यानं माझाच बाजा घेतला, विजारीला पुसला आणि एक सूर लावला. एकच. तो सूर हौदावरून लांबपर्यंत गेला आणि धान पसरणाऱ्या बायांनी मान वर केली. "तुमी आपला बटनाचाच वाजवा जी. तो तुमच्या सभावाचा आहे."

सल्ला खरा होता. सोळा आणे खरा होता. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझाच बाजा, आणि माझ्या हातात कुथणारा तो त्याच्या हातात असा बोलतो! सायकल हाणत दुकानात आलो, बाजा उघडला, वरच्या भोकांवर कागद चिकटवून खालची पत्ती ऐकली, मग उलट करून वरची ऐकली, आणि एकेक जोडी घासून सारखी करून टाकली. सगळ्या चोवीस घरांतली थरथर काढली. बाजा सरळ झाला, आणि मेला. मी तो फळीवर फेकून दिला. जमत नाही तर नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी निदान स्वतःच्याच बाजाचं वाटोळं करणारा माणूस ठरलो असतो. पण मंडई चार दिवसांवर असताना उदाराम माझ्या दुकानात आला. हातात रुमालात बांधलेला बाजा, दुसऱ्या हातात किलोभर वासाच्या चिन्नोर तांदळाची थैली.

"भाऊ, मधला एक सूर बोलून नाही राहिला. कोंडा गेला असन. तुमच्याशिवाय कोणाच्या हाती द्यावं?" मग जरा लाजून म्हणाला, "समीक्षा येऊन राहिली मंडईले, सुट्टी काढून. तिनं मले मंचावर नाही पाहिलं अजून."

तो कामावर गेला. मी बाजा उघडला. पत्तीखाली कोंड्याचा एक कण होता, सुईनं काढला. दहा मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंची झाकणं लावून बाजा ठेवून द्यायचा होता.

मी झाकणं लावली नाहीत. मधल्या सप्तकातली पहिली जोडी वाजवली. लाट आली, तीच, म्हातारीला रडवणारी. मी मनाशी म्हटलं, एवढा वापरला आहे, पत्त्या इकडंतिकडं झाल्या असतील, दुरुस्तीला आलाय तर नीट सूर मिळवून द्यावा. माझा धंदाच तो आहे. हे सगळं मी स्वतःला सांगत होतो आणि हात घासत होता. आठ सूर. आठही सरळ केले. माझा कान फार चांगला आहे, केसाएवढाही फरक ठेवला नाही. कशासाठी करतोय हे मला पहिल्या सुरापासून माहीत होतं.

संध्याकाळी तो घाईतच आला, बाजा घेतला, वाजवून न पाहता रुमालात बांधला. माझ्यावर तेवढा भरवसा होता त्याचा. मिलमध्ये हंगामाची घाई, मंडईपर्यंत त्याला रुमाल सोडायलाही सवड झाली नाही. चिन्नोरचा भात चंद्रावतीनं त्याच दिवशी रांधला. वास घरभर होता. मी भूक नाही म्हणालो.

मंडईच्या दुपारी उदाराम पांढरा शर्ट घालून मंचावर बसला. समीक्षा पहिल्या रांगेत, फोन वर धरून. मी भैयाजींच्या शेजारी होतो. क्रोमॅटिक खिशात होता, कायले होता ते विचारू नका.

त्यानं तीच चाल लावली. वरच्या टोकाचे सूर थरथरले, पण चाल मधल्या सप्तकात उतरली आणि सपाट झाली. लोकांना काय बिघडलं ते कळलं नाही, फक्त कोणी गप्प होईना. उदारामनं सूर आणखी धरला. लाटेची वाट बघत होता. लाट येत नाही म्हणून फुंक वाढवली, मान ताणली, चेहरा लाल झाला, आणि त्याला ठसका लागला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग बाजा खाली ठेवून तो माइकजवळ वाकला.

"माझा दम सरला जी. चाळीस वर्षं कोंडा खाल्ला. हुकुमचंदभाऊ, तुमी वाजवा."

मी गेलो. चौदा वर्षांची माझी खुर्ची मला परत मिळाली. सगळ्यात अवघड गाणं वाजवलं, लोकांनी टाळ्या दिल्या. वाजवता वाजवता मला दिसत होतं, समीक्षानं फोन ठेवून दिला होता आणि मंचामागं उभी राहून बापाचं मनगट धरून नाडी मोजत होती.

आठ दिवस मी झोपलो आणि जेवलो, पण दुकानाच्या दारात सावली पडली की दचकत होतो. नवव्या दिवशी ती सावली त्याचीच होती.

"समीक्षानं नागपूरले नेलं होतं," तो स्टुलावर बसत म्हणाला. "छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणते, फुप्फुस साफ आहे. तरी बाजा बोलत नाही. मंग माझ्यातलंच काही सरलं असन." त्यानं रुमाल माझ्यापुढं ठेवला. "हा तुमी ठेवा. तुमचा हात चालते. पडून राहण्यापेक्षा वाजलेला बरा."

आणि मला काय वाटलं सांगू? लाज वाटली, पण त्याच्याही आधी जळलो. ज्या बाजासाठी मी एवढी नीच गोष्ट केली तो हा माणूस रुमालासकट देऊन टाकतोय! देण्यातही माझ्यापुढं!

मी चहा सांगायला दाराशी गेलो. तेवढं निमित्त मला हवं होतं. मागून सूर आला. सरळ, मेलेला. मी वळून पाहिलं. उदारामनं फळीवरचा माझा ट्रेमोलो उचलून तोंडाला लावला होता. त्यानं दुसरा सूर लावला. तिसरा. मग स्वतःचा बाजा रुमालातून काढून तेच तीन सूर लावले. वाफेचा आवाज ओळखणारा माणूस तो, त्याला आणखी काय सांगायचं? तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होता.

"या दोन्हींले तुमची कानस लागली," तो म्हणाला.

"हो."

"काऊन?"

मला सबबी सुचत होत्या. सूर उतरले होते, पत्त्या झिजल्या होत्या. गिऱ्हाइकाला पटवायला तीस वर्षांत शिकलेल्या सगळ्या. पण त्याला पोरीनं नागपूरपर्यंत नेऊन छातीचा फोटो काढला होता.

"जळलो म्हणून," मी म्हणालो. "तुमच्यावर जळलो."

तो उभा राहिला. मला वाटलं, हात उचलतो. उचलला असता तर बरं झालं असतं. "आठ दिस मी झोपलो नाही," तो म्हणाला, आवाज चढला होता. "मिलमध्ये वाफ सोडताना हात भिऊन राहिला माझा. म्हटलं, कान बी गेला. पोरीले सांगून टाकलं, नोकरी सोडतो. अन् तुमी इथं बसून...!" चपलावाला पुन्हा बघायला आला. उदाराम खाली बसला. "दुरुस्त करा. आत्ता. मी हलत नाही इथून."

मी बाजा उघडला. लाट काढणं सोपं असतं, दोन सूर सारखे झाले की झालं. लाट घालताना किती घालायची हे माझ्या कानाला कुठं ठाऊक? एक पत्ती शेंड्याशी हलकी घासली, सूर चढला, त्याला वाजवायला दिलं. "अजून," तो म्हणाला. पुन्हा घासली. "अजून थोडं. हं. थांबा." पुढची जोडी. "थांबा." पत्ती आधीच पातळ झालेली, एक घासा जास्त झाला असता तर तुटली असती. आठही सुरांना तो थांबा म्हणाला आणि आठही वेळा मी थांबलो. दोन तास गेले. त्याच्यासमोरचा चहा साय धरून पडला होता. त्यानं कपाला हात लावला नाही.

मग तो दारात उभा राहिला आणि वाटे लावायची चाल त्यानं पूर्ण वाजवली. रस्त्यावर ऑटोवाल्यानं इंजीन बंद केलं. चपलावाला हातातला जोड तसाच धरून ऐकत होता. आणि मी, ज्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं ती लाट परत घातली होती, माझ्या पोटात पुन्हा तस्संच दुखायला लागलं. तिळभरही कमी नाही.

बाजा रुमालात बांधून उदाराम म्हणाला, "पुढच्या मंडईत तुमीच आधी वाजवा. बटनाचा. अर्धा वेळ."

"आणि तुम्ही?"

"मी मंग वाजवतो. तुमच्यामागून."

तो गेला. समजूत घातली की शिक्षा दिली, हे मी अजून ठरवू शकलो नाही. चंद्रावतीला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी तुमचा वाजवा न चुपचाप."

माझा ट्रेमोलो फळीवर आहे. एका रविवारी मी त्यातही लाट घातली, उदारामच्या आठ सुरांत होती तेवढीच, आठवून आठवून. मग तीच चाल वाजवली. थांबलोही. चंद्रावती आतून म्हणाली, बाजा कोणाचा दुरुस्तीला आला का. तिला ते वाजवणं वाटलंच नाही, तपासणं वाटलं. मी हो म्हणालो आणि झाकून ठेवला.

मंडईला अजून दहा महिने आहेत. मी रोज क्रोमॅटिकवर नवं गाणं बसवतो, असं की ते ऐकल्यावर कोणाला दुसरं काही ऐकवणार नाही. आणि रोज मला माहीत असतं की माझ्यानंतर उदाराम बसणार आहे, आणि लोक त्याचीच चाल घेऊन घरी जाणार आहेत.